स्थूल कण्हेरीची कुळकथा

गोमंतकातल्या कोणत्याही गावी सकाळच्या उन्हात फेरफटका मारताना घरोघरच्या बलकांवांकडे पाहावे. तुळशीवृंदावनापासून थोडे दूर, ऊन जेथे सर्वांत अधिक वेळ रेंगाळते अशा कोपऱ्यात, एक ठेंगणे झाड कुंडीत बसलेले आढळते. ‘बसलेले’ असे आम्ही जाणूनबुजून म्हणतो. कारण त्याचे बूड एखाद्या पोट सुटलेल्या शेटजीप्रमाणे कुंडीत ऐसपैस टेकलेले असते. वर दोनचार आखूड फांद्या, त्यांच्या टोकांना चकचकीत पानांचे झुबके, आणि ऊन तापू लागले की त्या झुबक्यांतून उमलणारी तुतारीच्या आकाराची गुलाबी फुले. रोपवाटिकांतून ते ‘एडेनियम’ या नावाने विकले जाते. हौशी मंडळी त्याला ‘वाळवंटी गुलाब’ म्हणतात. बेळगावच्या अंगणांत, हैदराबादच्या गच्च्यांवर, इंदूर-वडोद्याच्या सदनिकांच्या अरुंद सज्जांतही ते आता रुळले आहे.

‘वाळवंटी गुलाब’ हे नाव कानाला गोड लागते खरे, परंतु त्यातील दोन्ही शब्द फसवे आहेत. गुलाबाशी या झाडाचे काडीचेही नाते नाही. आणि ते ज्या भूमीतून आले, ती भूमी वाळूच्या टेकाडांची नसून खडकाळ डोंगरउतारांची आहे. नावाने फसवले, तर फसणाऱ्याचे फार बिघडत नाही. बिघडते ते झाडाचे. हे आम्ही अनुभवाने सांगत आहो.

आमच्या घरी हे झाड प्रथम आले ते धाकट्या मावशींबरोबर. त्यांच्या यजमानांची बदली झाली, सामानसुमान बांधले गेले, आणि आठ वर्षे वाढवलेली एक कुंडी त्यांनी आमच्या स्वाधीन केली. “पोरासारखी सांभाळा,” एवढेच त्या म्हणाल्या. आम्ही ते शब्द अक्षरशः घेतले. तुळशीला पाणी घालताना रोज सकाळी एक तांब्या त्यालाही घालू लागलो. ज्येष्ठात पाऊस आला, सारी बाग हिरवीगार झाली, तेव्हा यालाही पावसाचे सुख मिळावे म्हणून कुंडी अंगणात उघड्यावर ठेवली. आषाढ सरता सरता पाने पिवळी पडली. तहान लागली असेल असे वाटून आम्ही आणखी पाणी घातले. श्रावणातल्या एका सकाळी बुडाला बोट लावले तो ते आत गेले; पिकलेल्या फणसाच्या गऱ्याइतके ते मऊ झाले होते आणि त्याला कुजका वास येत होता. आठ वर्षांचे झाड तीन महिन्यांत गेले. मावशींना पत्र लिहिताना लेखणी अडखळली, हे येथे कबूल करावयास हरकत नाही.

आपण या झाडाला जीव लावला, परंतु त्याची ओळख करून घेतली नाही, ही बोच तेव्हापासून मनात राहिली. हे झाड कोठले, कोणत्या मातीतले, त्याच्याविषयी पहिल्याने लिहून ठेवले ते कोणी, याचा शोध घेताना आम्ही एका अशा प्रवासाच्या कथेपर्यंत पोहोचलो, की जिचा शेवटचा मोठा मुक्काम आपल्याच मुंबईत पडला होता. ती कथा येथे सांगण्याचा मानस आहे. कारण त्या कथेत या झाडाच्या जोपासनेचे मर्मही आले आहे.

प्रथम कुळाचा परिचय. एडेनियम हे कण्हेरीच्या कुळातले. करवंद, तगर, सदाफुली, सातवीण आणि आपला देवचाफा ही सारी याची भावंडे. करवंदे तोडताना बोटांना लागणारा चीक आणि तगरीच्या वा सदाफुलीच्या पाच पाकळ्यांची भिरभिऱ्यासारखी एकीकडे कललेली मांडणी, या त्या कुळाच्या ओळखीच्या खुणा. तेव्हा हे परके झाड आपल्या अंगणात आले, तेव्हा तेथे त्याचे सोयरे आधीच नांदत होते. त्यांतला चाफा स्वतःही अमेरिकेहून आलेला पाहुणाच. परंतु तो इतका एकरूप झाला की देवळांच्या प्रांगणांत त्याच्यावाचून शोभा नाही असे आपण मानतो. पाहुण्याला घरचे करण्याची ही आपली रीत जुनी आहे.

आता काळाकडे वळू. १५६३ साली जुन्या गोव्यात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा, हिंदुस्थानातील औषधी द्रव्यांविषयीचा संवादरूप ग्रंथ छापून प्रसिद्ध झाला. आशिया खंडात छापल्या गेलेल्या आरंभीच्या ग्रंथांत त्याची गणना होते. त्याच्या सुरुवातीच्या संवादांपैकी एक कोरफडीच्या वाळवलेल्या रसावर, म्हणजे आपल्या एळियावर आहे, आणि त्यात सुकुत्रा बेटाच्या नामांकित एळियाची चर्चा आहे. अरबस्तान आणि आफ्रिका यांच्या मध्ये पहुडलेले हे बेट पोर्तुगिजांनी १५०७ मध्ये घेतले आणि १५११ मध्ये सोडले. १५४२ मध्ये गोव्याकडे येताना फ्रान्सिस झेवियरही तेथे उतरला होता. त्या सुकुत्राच्या कातळांवर कोरफडीच्या शेजारीच एडेनियमची एक महाकाय जात उभी असते. तिचे बूड माणसाच्या कवेत मावत नाही. परंतु बाजाराला कोरफडीचे मोल ठाऊक होते. जिचा रस विकला जाई ती ग्रंथात आली. फुलून दाखवण्यापलीकडे जिच्यापाशी व्यापाऱ्याला देण्याजोगे काही नव्हते, तिला आणखी दोनशे वर्षे थांबावे लागले.

ती दोनशे वर्षे १७६३ मध्ये पुरी झाली.

डेन्मार्कचा राजा पाचवा फ्रेडरिक याने अरबस्तानच्या अभ्यासासाठी एक मंडळी पाठवली. कल्पना ग्योटिंगेनच्या मिखाएलिस नावाच्या प्राध्यापकाची. बायबलात ज्या वनस्पतींचा, प्राण्यांचा आणि रूढींचा उल्लेख येतो, त्यांचा उलगडा त्या भूमीत प्रत्यक्ष जाऊन व्हावा असा मूळ हेतू होता. जानेवारी १७६१ मध्ये कोपनहेगनहून हे लोक एका लढाऊ गलबतावर चढले. संख्येने ते सहा होते: भाषापंडित फॉन हावेन, निसर्गशास्त्रज्ञ पेटर फोर्सकोल, भूमापक कार्स्टेन नीबूर, वैद्य क्रामर, चित्रकार बाउरेनफाइंड आणि त्यांचा नोकर बेर्गग्रेन. सहाजणांचा मेळ मात्र कधी बसला नाही. फॉन हावेन आणि फोर्सकोल यांच्यात तर इतके वितुष्ट आले की, कॉन्स्टँटिनोपल येथे फॉन हावेनने सोमल विकत घेतल्याचे कळताच इतरांना आपल्या जिवाची धास्ती पडली.

आमच्या कथेचा नायक फोर्सकोल. त्याचा जन्म १७३२ साली हेलसिंकी येथे झाला. विख्यात वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याचा तो शिष्य. माणूस विद्वान, परंतु कोणापुढे मान न तुकवणारा. १७५९ साली त्याने नागरिकांच्या स्वातंत्र्यावर एक छोटे पुस्तक छापले. सरकारने त्याच्यावर बंदी घातली, आणि त्याच्या प्रती गोळा करण्याचे अप्रिय काम विद्यापीठाचा कुलगुरू म्हणून लिनियसवरच आले. गुरुशिष्यांचा स्नेह तरीही टिकला. पुढे शिष्याने इजिप्तहून पाठवलेल्या बियांतून उप्सालाच्या बागेत एक बोचऱ्या केसांचे, कपड्याला चिकटून बसणारे झाड उगवले, तेव्हा लिनियसने त्याला ‘फोर्सकोलिया तेनासिस्सिमा’ असे नाव दिले. तेनासिस्सिमा म्हणजे अत्यंत चिवट. गुरूने शिष्याचे स्वभावचित्र एका शब्दात काढले, असेच म्हणावयाचे.

इजिप्तमध्ये सुमारे वर्षभर राहून, सुएझहून तांबड्या समुद्राच्या वाटेने, डिसेंबर १७६२ च्या अखेरीस ही मंडळी यमनच्या किनाऱ्यावर लुहैया येथे उतरली. यमनच्या लोकांनी त्यांचे स्वागत आदराने केले. बैत अल्‌ फकीह या गावी बिऱ्हाड करून फोर्सकोल आणि नीबूर भाड्याच्या गाढवांवर बसून कॉफीच्या डोंगरांत हिंडू लागले. फोर्सकोल अरबी बोलत असे. एखादे झाड दिसले की त्याचे वर्णन लिहावे, नमुना कागदात दाबून ठेवावा, आणि तेथल्या गुराख्याला वा शेतकऱ्याला विचारून त्याचे गावठी नावही टिपून घ्यावे, असा त्याचा परिपाठ होता. आज आम्हांला या माणसाचे जे सर्वांत अधिक वाटते ते हेच. लॅटिन नाव देण्याचा अधिकार हाती असताना, त्या झाडाला तेथल्या मातीत आधीच एक नाव आहे, याचा त्याला विसर पडला नाही.

याच भटकंतीत यमनच्या डोंगरउतारांवर त्याला एक विचित्र झुडूप आढळले. फूल कण्हेरीच्या फुलाचे भावंड शोभावे असे, परंतु बूड फुगलेले, मांसल. त्याने त्याचे नाव लिहिले ‘नेरियम ओबेसम’. नेरियम म्हणजे कण्हेर, ओबेसम म्हणजे स्थूल. आमच्या बलकांवातल्या झाडाचे शास्त्रातले हे पहिले नाव: स्थूल कण्हेर. कोणत्याही मराठी घरातल्या आजीने ते झाड पाहून हेच म्हटले असते!

परंतु ज्याने हे नाव दिले त्याला ते छापलेले पाहण्याचे भाग्य लाभले नाही. यमनच्या तळप्रदेशातला हिवताप मंडळीच्या मागे लागला होता. २५ मे १७६३ रोजी मोखा बंदरात फॉन हावेन वारला. उरलेले लोक सनाच्या इमामाला भेटण्यास निघाले. वाटेत येरीम नावाच्या डोंगरी गावात फोर्सकोलचा ताप विकोपाला गेला आणि ११ जुलै १७६३ रोजी त्याचा अंत झाला. वय अवघे ३१. त्याच्या सामानात राहिल्या त्या सुकलेल्या झाडांच्या गठड्या, आणि वनस्पतींप्रमाणेच कातडी कागदावर चिकटवून ठेवलेले तांबड्या समुद्रातले मासे. ते मासे कोपनहेगनच्या संग्रहालयात अद्याप जतन केलेले आहेत.

त्याच वर्षीच्या १० ऑगस्टला इकडे गोदाकाठी राक्षसभुवन येथे थोरल्या माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला. आपल्या इतिहासात ते वर्ष त्या लढाईसाठी स्मरणात आहे. परंतु त्याच ऑगस्टच्या उत्तरार्धात मोखा बंदरातून मुंबईकडे एक गलबत सुटले होते, आणि त्यावर चार आजारी परदेशी माणसे होती. वाटेतच बाउरेनफाइंड आणि बेर्गग्रेन गेले. दोघांनाही समुद्रात जलसमाधी मिळाली. सप्टेंबरमध्ये मुंबईच्या धक्क्यावर उतरले ते दोघेच, नीबूर आणि क्रामर. फेब्रुवारी १७६४ मध्ये मुंबईतच क्रामरनेही डोळे मिटले. सहांतला एक उरला.

हा एक कसा उरला? नीबूर शेतकऱ्याचा मुलगा. त्याच्या अंगी ना फॉन हावेनची ऐट होती, ना फोर्सकोलचा हट्ट. त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे की, आम्ही उष्ण देशात युरोपातल्यासारखे मांसाहारी जिणे जगलो आणि रात्रीच्या गारठ्याची पर्वा केली नाही, म्हणून आजार ओढवले. पुढे त्याने ज्या देशात जावे त्या देशाचा पोशाख घातला, तेथले अन्न खाल्ले, तेथल्या माणसांप्रमाणे उठणेबसणे ठेवले. मुंबईहून मस्कत, इराण, बगदाद, हलब असा खुष्कीचा आणि पाण्याचा प्रवास करून नोव्हेंबर १७६७ मध्ये तो कोपनहेगनला पोहोचला. ज्या राजाने त्यांना पाठवले होते, तोही त्यापूर्वी जवळजवळ दोन वर्षे निवर्तला होता.

मुंबईत नीबूरचा मुक्काम सव्वा वर्षाचा झाला. त्या अवधीत तो घारापुरीला गेला. ते बेट त्या वेळी मराठ्यांच्या ताब्यात होते; साष्टीबरोबर ते कंपनीकडे कायमचे गेले ते १७८२ मध्ये, ग्वाल्हेरजवळच्या सालबाई येथे झालेल्या तहाने. नीबूरने तेथल्या लेण्याचा नकाशा आणि मूर्तींची चित्रे काढली, आणि ती १७७८ मध्ये त्याच्या प्रवासवर्णनाच्या दुसऱ्या खंडात प्रसिद्ध झाली. युरोपच्या वाचकांसमोर घारापुरीचे शिल्प मापे घेऊन मांडणाऱ्या आरंभीच्या लोकांत त्याचे नाव घ्यावे लागते. पुढे इराणातील पर्सेपोलिस येथल्या शिलालेखांच्या त्याने घेतलेल्या नकलांवरूनच १८०२ मध्ये ग्रोटेफेंड याला कीलाकार लिपी वाचण्याची पहिली किल्ली सापडली.

परंतु आमच्या दृष्टीने नीबूरचे मोठे कृत्य वेगळेच आहे. मेलेल्या मित्राची टिपणे त्याने वाऱ्यावर सोडली नाहीत. फोर्सकोलने चिटोऱ्यांवर लिहिलेल्या नोंदी एकत्र करून, लावून, १७७५ साली त्याने कोपनहेगन येथे ‘फ्लोरा ईजिप्तियाको-अराबिका’ हा ग्रंथ मित्राच्या नावाने प्रसिद्ध केला. त्या ग्रंथात आमची स्थूल कण्हेर प्रथम छापली गेली. आणखी ४४ वर्षांनी, १८१९ मध्ये, ती खरी कण्हेर नव्हे असे ठरवून रोमर आणि शुल्टेस या दोघा शास्त्रज्ञांनी तिच्यासाठी ‘एडेनियम’ हे स्वतंत्र नाव योजले. ते नाव घेतले होते फोर्सकोलने टिपलेल्या गावठी अरबी नावावरूनच. ‘ओबेसम’ हा त्याचा शब्द मात्र तसाच राहिला. म्हणजे आज रोपवाटिकेतल्या चिठ्ठीवर ‘एडेनियम ओबेसम’ असे जे आपण वाचतो, त्यातला एक शब्द यमनच्या गुराख्यांचा आणि दुसरा येरीमला मेलेल्या त्या ३१ वर्षांच्या माणसाचा आहे.

एडेनियम म्हणताच एडन बंदर आठवते. तो संबंध आपल्याला परका नाही. इंग्रजांनी १८३९ मध्ये एडन घेतले आणि १९३२ पर्यंत त्याचा कारभार मुंबई इलाख्यातून चालवला. तब्बल ९३ वर्षे एडनचे कागदपत्र मुंबईच्या कचेऱ्यांत फिरत होते. विलायतेला जाणाऱ्या आपल्या कितीतरी विद्यार्थ्यांनी आगबोटीच्या कठड्यावरून ते उघडेबोडके काळे डोंगर पाहिले असतील. त्या खडकांच्या खाचांत फुलणारे झुडूप पुढे आपल्याच अंगणात येऊन बसेल, हे त्यांच्या ध्यानीमनीही नसेल.

कुळकथा येथे संपते आणि जोपासना सुरू होते. परंतु वाचकहो, या दोन गोष्टी निराळ्या आहेत असे आता आम्हांला वाटत नाही. ज्या उतारावर फोर्सकोलला हे झाड भेटले तो उतार डोळ्यांसमोर आणला, की पुढचे सारे आपोआप उलगडते.

त्या उतारांवर वर्षाकाठी पाऊस पडतो तो काहीशे मिलीमीटरच. थोडा वसंतात, थोडा उन्हाळ्याच्या उत्तरार्धात. पडतो तेव्हा दगडांवरून धावत खाली निघून जातो. झाडाला मिळतो तो त्या धावत्या पाण्यातला घोटभर. तो घोट पुढच्या महिन्यांसाठी साठवण्याचे रांजण म्हणजे ते स्थूल बूड. पाणी संपत आले की झाड पाने गाळते; पानांतून उडून जाणारे पाणी वाचते, आणि ते निजल्यासारखे स्वस्थ राहते. आता हेच झाड पणजीत आणून ठेवा. येथे वर्षाकाठी तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. आभाळ झाकोळलेले, हवा दमट, कुंडीतली माती आठआठ दिवस ओली. मुळांना हवा मिळत नाही, बुरशीला मात्र रान मोकळे मिळते. भरलेल्या रांजणात आणखी पाणी ओतण्याचा हा प्रकार आहे. आमच्या मावशींचे झाड गेले ते असे. ते पावसाला भीत नव्हते. साचलेल्या पाण्याने त्याचा घात केला.

म्हणून पहिली गोष्ट मातीची. नुसती बागेतली तांबडी माती याला मानवत नाही. जाड रेती, विटांचा चुरा अथवा जांभ्याची बारीक खडी मिळून निम्म्याहून अधिक असावी. उरलेल्यात माती, चांगले कुजलेले शेणखत आणि थोडा कोळशाचा चुरा. मूठभर मिश्रण ओले करून दाबले आणि मूठ उघडताच ते विसकटले, तर जमले असे समजावे. कुंडी मातीची, उथळ आणि पसरट घ्यावी. तळाची भोके मोठी असावीत. पाणी घातल्यावर ते घटकाभरात खालून निघून गेले पाहिजे.

दुसरी गोष्ट उन्हाची. दिवसाचे निदान पाच-सहा तास थेट ऊन हवे. सावलीत झाड मरत नाही, परंतु फांद्या लांबट, लोंबत्या होतात आणि फूल धरत नाही.

तिसरी गोष्ट पाण्याची, आणि येथे पंचांग उपयोगी पडते. फाल्गुनात, नवी पालवी फुटण्यापूर्वी, फांद्या छाटाव्यात. जेथे छाटाल तेथून दोनतीन नव्या फांद्या येतात आणि फूल नेहमी नव्या फांदीच्या टोकाला येते. कुंडी बदलावयाची तीही याच सुमारास, आणि बदलताना बूड प्रत्येक वेळी बोटभर वर उचलून बसवावे, म्हणजे मुळांचा बांधा दिसू लागतो. मुळे दुखावली असतील तर आठवडाभर पाणी देऊ नये. चैत्र-वैशाख हा याचा खरा हंगाम. ऊन रणरणते तेव्हा हे रंगात येते. या दिवसांत वरची माती दोन बोटे खोलवर कोरडी झाली की भरपूर पाणी द्यावे, आणि पुन्हा कोरडी होईतो थांबावे. मृग लागण्यापूर्वी कुंड्या उचलून पत्र्याखाली वा बलकांवात आणाव्यात. पागोळ्यांचे पाणी कुंडीत पडत नाही ना, हे एकदा भर पावसात उभे राहून पाहावे. आर्द्रा ते उत्तरा या नक्षत्रांत आम्ही पाणी जवळजवळ देतच नाही; बुडाला सुरकुती दिसली तरच अर्धा पेला. आश्विनातले कडक ऊन आले की कुंड्या पुन्हा बाहेर. मार्गशीर्ष-पौषात पाने गळू लागली तर घाबरू नये. झाड निजले आहे, त्याला पाणी पाजून उठवू नये.

हैदराबादच्या कोरड्या हवेत हे झाड फारशी तक्रार करीत नाही. ग्वाल्हेर-इंदूरकडील वाचकांनी मात्र थंडीच्या रात्री सांभाळाव्यात. पारा दहा अंशांच्या खाली जाऊ लागला की कुंडी घरात घ्यावी आणि पाणी बंद ठेवावे.

रोगकिडींत मुख्य शत्रू बुडाची सड. दर आठवड्याला बूड बोटाने दाबून पाहावे. मऊ लागले तर झाड तत्काळ उपटून, स्वच्छ चाकूने कुजका भाग पांढराशुभ्र गर लागेपर्यंत कापून काढावा, जखमेला बुरशीनाशक पूड लावावी आणि सावलीत आठदहा दिवस उघडेच सुकू द्यावे. मग कोरड्या मिश्रणात लावावे. पुष्कळ झाडे अशी वाचतात. पानांच्या बेचक्यांत कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर ओल्या फडक्याने पुसून काढावा. एखाद्या सकाळी अर्धी पाने खाल्लेली आढळली तर हिरवी, लठ्ठ अळी शोधावी. ती बहुधा कण्हेरीवर वाढणाऱ्या पतंगाचीच असते. फोर्सकोलने या झाडाला कण्हेर म्हटले ते पुढे शास्त्रज्ञांनी दुरुस्त केले, परंतु त्या अळीच्या लेखी त्याचे पहिले नावच खरे!

एक इशारा. कण्हेरीप्रमाणेच याचा चीक विषारी आहे, आणि ते विष हृदयावर परिणाम करते. आफ्रिकेत बाणांची टोके माखण्यासाठी त्याचा उपयोग होत असे. छाटणीनंतर हात साबणाने धुवावेत, आणि मुले व गुरे यांच्यापासून झाड दूर ठेवावे.

बियांविषयीही सांगितले पाहिजे. फूल फळले तर शिंगांच्या जोडीसारख्या दोन शेंगा येतात. त्या तडकण्यापूर्वी दोऱ्याने सैल बांधाव्यात, नाहीतर बिया वाऱ्याबरोबर निघून जातात. प्रत्येक बीच्या दोन्ही टोकांना रेशमी केसांचा झुपका असतो. ताजी बी आठवडाभरात रुजते. फांदीही लावता येते, परंतु बियांच्या रोपाला जसे गोल बूड सुटते तसे फांदीच्या रोपाला सहसा सुटत नाही. बाजारातली दुहेरी पाकळ्यांची, रंगीबेरंगी झाडे बहुधा बियांच्या रोपावर कलम केलेली असतात. थायलंड आणि तैवानमधल्या माळ्यांनी या कामात मोठे कौशल्य मिळवले आहे.

मावशींनी गेल्या खेपेस भेटीला येताना बियांची एक पुरचुंडी आणली. मागच्या झाडाबद्दल त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत. “या वेळी त्याला जरा उपाशी ठेवा,” एवढेच म्हणाल्या. त्या बियांची सात रोपे झाली आणि पाच जगली. आज ती बलकांवाच्या आतल्या भिंतीशी ओळीने बसली आहेत. बाहेर श्रावणाची सर कोसळते आहे, अंगणातली तगर आणि सदाफुली न्हाऊन निघत आहेत, आणि त्यांचे हे यमनी भावंड कोरड्या मातीत पाय रोवून स्वस्थ आहे. नीबूरने परमुलखात त्या मुलखाची रीत स्वीकारली म्हणून तो जगला. झाडाला आपली रीत बदलता येत नाही, तेव्हा ती ओळखणे हे यजमानाचेच काम. सकाळी तुळशीला पाणी घालून रिकामा तांब्या हाती घेऊन आम्ही त्यांच्यापुढून जातो. हात क्षणभर अजूनही थबकतो. मग येरीमची आठवण होते आणि आम्ही पुढे जातो.